‘पत्र आणा, मग बघू’

प्रश्न : नाशिकच्या सातपूरमधल्या एका आईचं पत्र आहे. थोरली मुलगी पावणेपाच वर्षांची. दीड वर्षाची होण्याच्या सुमारास तिच्या डोळ्यांवर, पायांवर सूज आली आणि नेफ्रोटिक सिंड्रोमचं, म्हणजे लघवीतून प्रोटीन वाहून जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचं निदान झालं. तेव्हापासून स्टिरॉइड कमी-जास्त होत चालूच आहे. वर्षातून तीन-चारदा आजार उलटतो. मूत्रपिंडाचे डॉक्टर मुंबईला. आजारपणानंतर मुलीला एकही लस मिळालेली नाही. सरकारी केंद्रावर कार्ड पाहून म्हणतात, ‘अशा मुलांना आम्ही देत नाही, पत्र आणा.’ मुंबईचे डॉक्टर म्हणतात, ‘लसी द्यायलाच हव्यात, तिकडेच घ्या.’ खासगी दवाखान्यात वेळ मिळते ती दहा-बारा दिवसांनंतरची. तोवर लघवीत प्रोटीन जायला लागतं, डोस वाढतो, वेळ रद्द होते. एकदा लसच आली नव्हती. एकदा खोकणाऱ्या मुलांमध्ये दोन तास बसले आणि आठवड्यात मुलगी पुन्हा सुजली. नवरा अंबडच्या कंपनीत पाळीवर जातो. सासूबाई म्हणतात, एवढी औषधं चालू असताना वर सुई कशाला. धाकटा दहा महिन्यांचा आहे. त्याच्या लसीचा बहिणीला त्रास नको म्हणून त्याचीही नवव्या महिन्याची लस थांबवली आहे. त्या विचारतात, ‘पाच वर्षं झाली की सरकारी लस मिळत नाही म्हणे. हातात तीन महिने आहेत. वेळ मिळवायची तरी कशी? की मीच कमी पडले?’

ताई,

सुरुवात धाकट्यापासून करते. तुम्ही त्याला एका ओळीत उरकलंय, पण सगळ्या पत्रात घाईचं काम तेवढंच आहे. त्याची गोवर-रुबेलाची लस याच आठवड्यात द्या.

त्या लसीतला विषाणू जिवंत पण क्षीण केलेला असतो आणि लस घेतलेल्या बाळाकडून तो घरातल्या दुसऱ्या मुलाला लागत नाही. तुम्हाला भीती लसीची वाटते आहे. ती गोवराची वाटायला हवी. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेलं तरी पुढचे दोन तास त्याचा विषाणू हवेत राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडीबरोबर आपल्याच जिल्ह्यात मालेगावात गोवर पसरला होता, तेव्हाची धावपळ मला आठवते. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे तुमच्या थोरलीला आज कदाचित ही लस देता येणार नाही. म्हणूनच घरातल्या बाकी सगळ्यांना ती मिळालेली असली पाहिजे. त्याच भेटीत बाळाला न्यूमोकोकलचा (न्यूमोनियासारखे आजार करणाऱ्या जंतूविरुद्धच्या लसीचा) बूस्टर, पोलिओचं इंजेक्शन आणि जीवनसत्त्व ‘अ’चा डोसही मिळेल.

बाळाच्या बाबतीत तुमची शंका खरी ठरते ती फक्त पोलिओच्या थेंबांपाशी. थेंबांतला विषाणू बाळाच्या शौचावाटे काही आठवडे बाहेर पडत राहतो. घरात प्रतिकारशक्ती दबलेलं मूल असेल तर भावंडांना थेंबांऐवजी इंजेक्शन द्यायचं असतं. तेव्हा पुढच्या पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जाण्याआधी आणि बाळाच्या दीड वर्षाच्या भेटीआधी मुंबईच्या डॉक्टरांना हे विचारून ठेवा. आशाताई दारात आल्या तर त्यांनाही कारण सांगा. त्यांना नकार समजतो, पण नोंदीसाठी त्यामागचं कारण हवं असतं.

आता थोरलीकडे येऊ.

‘वेळ मिळत नाही’ असं तुम्ही चार ठिकाणी लिहिलंय. वेळ तुम्हाला मिळत होती, ताई. ती टिकत नव्हती. तुमच्या मुलीचा आजार ज्यांना कळतो ते मुंबईत आहेत आणि ते सुई देत नाहीत. ज्यांच्या हातात सुई आहे त्यांना हा आजार पुरता माहीत नाही. या दोघांमध्ये तुम्ही निरोप्यासारख्या ये-जा करताय, आणि तोंडी निरोपावर कुठलीही सिस्टर सुई भरणार नाही.

हे मी खात्रीने सांगू शकते, कारण मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेय. आरोग्यसेविका म्हणून माझी बरीच वर्षं लसीकरणात गेली. एकदा रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलाला घेऊन एक आई आली होती. मी कार्ड पाहिलं, घाबरले, आणि ‘डॉक्टरांना विचारून या’ म्हणून तिला परत पाठवलं. त्या दिवशी ती लस न देणं बरोबरच होतं. पण मी कार्डावर काहीच लिहिलं नाही. कोणती लस थांबवली, का, पुन्हा कधी यायचं, कुणाला विचारायचं, यातलं एक अक्षर नाही. ती बाई पुन्हा आली नाही, आणि त्या कोऱ्या रकान्याचं ओझं माझ्या मनावरून अजून उतरलेलं नाही. म्हणून सांगते, यापुढे कुणी नाही म्हणालं की भांडू नका, पण ‘सिस्टर, कारण कार्डावर लिहून द्या’ एवढं शांतपणे म्हणा. लिहायची वेळ आली की माणूस विचार करतो, आणि पुष्कळदा आत जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून येतो. शक्य तर तुम्हीच थेट त्यांना भेटा. अशा मुलाचा निर्णय सिस्टरने एकटीने घ्यावा ही अपेक्षा तिच्यावरही अन्यायाची आहे.

लसी दोन जातीच्या असतात, हे घरात सगळ्यांना माहीत झालं की अर्धा गोंधळ मिटेल. काहींत क्षीण केलेला जिवंत जंतू असतो. गोवर-रुबेला किंवा खासगीत मिळणारी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्यांची लस, पोलिओचे थेंब या जिवंत लसी. दुसऱ्या जातीत जंतू मेलेला असतो, किंवा त्याचा फक्त तुकडा असतो. डीपीटी, न्यूमोकोकल, फ्लूचं इंजेक्शन, पोलिओचं इंजेक्शन, हिपॅटायटीस बी, टायफॉइडचं इंजेक्शन या निष्क्रिय लसी. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसात थांबवायच्या असतात त्या पहिल्या. दुसऱ्या जातीच्या लसींपासून अशा मुलाला तो आजार होऊच शकत नाही. डोस जास्त असताना त्यांचा परिणाम थोडा कमी पडू शकतो, म्हणून मूल बरं असताना दिलेल्या चांगल्या. पण डोस वाढला की सगळंच रद्द, असं नाही.

तुमच्याकडे नेमकं तेच झालं. दीड वर्षाच्या भेटीत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर एकाच दिवशी असतात. जिवंत लसीच्या भीतीने तुम्हाला परत पाठवलं आणि तिच्याबरोबर डीपीटीही परत गेली. तिचा या भीतीशी काही संबंध नव्हता. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताविरुद्धचा बूस्टर तीन वर्षं अडकला तो यादी न केल्यामुळे, आणि ती यादी करणं हे आमच्यासारख्यांचं काम होतं.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सुजलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला आणखी एक सुई नको वाटणारच. पण त्यांना एक विचारा : मागच्या तीन-चार वेळा आजार उलटला तेव्हा आधी काय झालं होतं? बहुतेकदा सर्दी, खोकला, ताप. या मुलांमध्ये संसर्गाने आजार उलटतो, आणि न्यूमोकोकस जंतूमुळे पोटात होणारा गंभीर संसर्ग हा नेफ्रोटिकच्या मुलांचा जुना शत्रू आहे. औषधं चालू आहेत म्हणूनच या लसी जास्त गरजेच्या आहेत. हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर बरं. पुढच्या वेळी मुंबईला जायला सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडाल तेव्हा जमलं तर त्यांनाही बरोबर न्या.

त्याच फेरीत पत्र आणायचं. ‘लसीकरणास हरकत नाही’ असं एका ओळीचं पत्र घेऊ नका. त्याचा उपयोग शून्य, कारण कोणत्या लसीला हरकत नाही हे त्यात नसतं. मुलीचं वजन, आजाराचं नाव, आजचा स्टिरॉइडचा डोस आणि तो रोज की एक दिवसाआड, दुसरी कोणती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का, हे वरती. मग नावानिशी : या लसी आत्ता द्या. त्याखाली : या लसी थांबवा, आणि डोस अमुकच्या खाली येऊन अमुक आठवडे झाले की द्या. आजार उलटलेला असताना निष्क्रिय लस द्यायची की थोडं थांबायचं, हेही. भावासाठी पोलिओचं एक वाक्य. शेवटी शंका आल्यास कुणाला फोन करायचा तो नंबर, सही, शिक्का, तारीख. अर्ध्या पानात मावतं. डॉक्टर घाईत असतील तर घरून मराठीत कच्चं लिहून न्या आणि रिकाम्या जागा त्यांच्याकडून भरून घ्या. मी पाहिलंय, रिकामी जागा समोर आली की डॉक्टर भरतातच.

थांबायचं म्हणजे किती, याचा साधारण अंदाज तुम्हालाही असावा. रोज वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम किंवा एकूण २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड १४ दिवस किंवा त्याहून अधिक चाललं, की जिवंत लस थांबवतात आणि ते औषध बंद झाल्यावर निदान महिनाभर वाट पाहतात. नेफ्रोटिकच्या मुलांना एक दिवसाआड कमी डोस चालू असताना काही वेळा डॉक्टर जिवंत लसही देऊ देतात. दुसरी औषधं असतील तर हिशोब बदलतो. हा निर्णय त्यांचाच. तुम्ही फक्त तो आकडा पत्रावर उतरवून घ्या. लघवीची पट्टी रोज सकाळी तपासून तुम्ही जी वही भरता, तिच्याच पहिल्या पानावर हे पत्र चिकटवा. मूळ प्रत घरी, झेरॉक्स दवाखान्यात, फोटो दोघांच्याही फोनमध्ये.

पत्र हाती आलं की वेळ घेण्याचं गणित बदलतं. निष्क्रिय लसींची वेळ त्याच दिवशी घ्या आणि सर्दी किंवा किंचित डोस वाढला म्हणून ती आपणहून रद्द करू नका. आधी फोन करून विचारा. जोराचा ताप असेल तर गोष्ट वेगळी. डीपीटी आणि इतर निष्क्रिय लसी एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी देता येतात, त्यामुळे चार फेऱ्यांचं काम दोन फेऱ्यांत होतं. आणि राहिलेली लस म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, असं कधीच नसतं. झालेले डोस धरून पुढे चालायचं.

जिवंत लसींसाठी मात्र तारीख आधी ठरवण्यात अर्थ नाही, त्यात तुमचा जीव आणि पैसे दोन्ही जातात. तिथे दवाखान्याशी बोलून ठेवायचं : डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की मी त्याच दिवशी फोन करीन, मला दोन-तीन दिवसांत आत घ्या. गंगापूर रोड, कॉलेज रोडला बालरोगतज्ज्ञ पुष्कळ आहेत, पण मोठा दवाखाना शोधू नका. तुमच्या घराजवळचा, पत्र नीट वाचणारा आणि फोन उचलणारा एक डॉक्टर शोधा. एमएमआर आणि कांजिण्यांची लस शक्यतो एकाच दिवशी मागा. त्या एकाच दिवशी दिल्या तर चालतं, नाहीतर मध्ये चार आठवडे जावे लागतात, आणि तुमच्या मुलीला तेवढी उसंत मिळेलच असं नाही.

फोनवर काय बोलायचं ते लिहून ठेवा. स्वागतकक्षातली मुलगी ‘कोणती लस?’ विचारते, तुम्ही ‘सगळ्याच राहिल्यात’ म्हणता, आणि तिथेच घोटाळा होतो. त्याऐवजी म्हणा, ‘मुलगी पावणेपाच वर्षांची, नेफ्रोटिक आहे, स्टिरॉइड चालू आहे, तज्ज्ञांचं पत्र आहे. फ्लूचं इंजेक्शन आणि न्यूमोकोकलची तेवीस प्रकारांवरची लस हवी. तुमच्याकडे आहे की मागवावी लागेल? आली की फोन कराल का? सकाळची पहिली वेळ मिळेल का?’ ही तेवीस प्रकारांवरची लस दोन वर्षांवरच्या जोखमीच्या मुलांना देतात, बाळपणीच्या न्यूमोकोकल लसीनंतर निदान आठ आठवड्यांनी. रोज लागत नाही म्हणून बरेच दवाखाने ती ठेवत नाहीत. आगाऊ पैसे भरून मागवून घ्या. स्वतः मेडिकलमधून आणून देते म्हणू नका. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. मेच्या उन्हात सातपूरपर्यंतच्या रिक्षात ती तापते आणि घाबरून फ्रीजरमध्ये ठेवली तर गोठून बिघडते.

आणखी एका ठिकाणी नाव नीट विचारा. हिपॅटायटीस ए ची लस आपल्याकडे जिवंत आणि निष्क्रिय अशी दोन्ही मिळते. तुमच्या मुलीला निष्क्रियच. फ्लूचीही नाकात फवारायची जिवंत लस असते. तुम्हाला हवं इंजेक्शन.

वेळ पहिली मिळाली नाही तर नंबर लावून मुलीला खाली रिक्षातच बसवा आणि नाव आलं की वर न्या. लस दिल्यानंतरचा अर्धा तास मात्र दवाखान्याच्या जवळ थांबायचंच, पण तो व्हरांड्यात काढता येतो. खोकणाऱ्या मुलांतले ते दोन तास पुन्हा नकोत हे तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, आणि ते मागताना संकोच करू नका.

सरकारी केंद्रावर बाळासाठी जाल तेव्हा एक माहीत असू द्या. गोवर-रुबेलाची कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी किंवा फेकून द्यावी लागते. पेंटाव्हॅलंट, डीपीटीसारख्या लसींची उघडलेली कुपी नीट ठेवली तर चार आठवडे वापरता येते. म्हणून गोवराच्या लसीला ठरलेल्या दिवशी या म्हणतात. तेव्हा आदल्या दिवशी सिस्टरला फोन करा, ‘एमआरची कुपी कधी उघडणार?’ विचारा आणि सत्राच्या सुरुवातीलाच पोचा. तरीही दारात आलेल्या पात्र बाळाला ‘अजून चार मुलं जमू द्या’ म्हणून परत पाठवणं मला कधीच पटलेलं नाही. एक कुपी वाया गेली तर चालेल. यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदवहीत दोन्ही मुलांची नोंदणी करून घ्या. नोंदी आणि प्रमाणपत्र फोनवर राहतात, शाळेने मागितलं की हाताशी असतं. पण कोणती लस थांबवायची हे ते ठरवणार नाही, ते पत्रानेच ठरेल.

आता त्या तीन महिन्यांबद्दल. पाच वर्षांची मर्यादा गोवर-रुबेलाच्या मोफत सरकारी डोससाठी आहे, मुलीच्या शरीरासाठी नाही. पाचनंतरही एमएमआर खासगीत देता येते. पैसे लागतील, हे खरं आणि तुमच्या घरात ते जाणवेल, पण दार बंद होत नाही. डीपीटीचा राहिलेला बूस्टर सरकारीत सात वर्षांपर्यंत मिळतो. त्यामुळे पाचच्या आत व्हावं म्हणून मोठ्या डोसात जिवंत लस उरकून टाकायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा.

घाई करायची ती फ्लूसाठी. आपल्याकडे तो पावसाळ्यात वाढतो, तेव्हा लस एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. नंतर दरवर्षी एक. फक्त तिलाच नाही, तुम्हा दोघांना, सासूबाईंनाही द्या, आणि बाळालाही, त्याचेही पहिल्या वर्षी दोन डोस. पाळीवरून येणारा माणूस शंभर जणांत वावरून येतो. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. शहरात किती गर्दी उसळते हे आपल्याला सांगायला नको. त्या वर्षीची फ्लूची लस मेमध्येच झालेली असू द्या.

शेजारी किंवा बालवाडीत कांजिण्यांचं मूल निघालं आणि तुमची मुलगी त्याच्याजवळ बसली होती असं कळलं, तर पुरळाची वाट पाहू नका. त्याच दिवशी मुंबईला फोन करा. तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन असतं. ते चार दिवसांच्या आत दिलेलं उत्तम, फार तर दहा दिवसांपर्यंत. बालवाडीच्या बाईंना सांगून ठेवा की कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर मला फोन करा.

हे पत्र वाचणाऱ्या इतर पालकांसाठीही चार शब्द. दम्यासाठी पंप ओढणाऱ्या मुलाच्या लसी थांबवायच्या नसतात. पंपातलं स्टिरॉइड वेगळं, पोटात जाणारं वेगळं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या लसी जन्मतारखेपासून मोजायच्या, प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून नाही. सुरगाणा, पेठकडच्या सिकलसेलच्या मुलांना नेहमीच्या सगळ्या लसी तर हव्यातच, शिवाय न्यूमोकोकल आणि फ्लूच्या जास्तीच्या हव्यात; ‘आजारी मूल आहे, नको’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. थॅलेसेमियात प्लीहा काढायची ठरली असेल तर लसींची चौकशी शस्त्रक्रियेच्या आधी करा. कर्करोगाच्या उपचारांत असलेल्यांनी जिवंत लसीचं पाऊल आपल्या तज्ज्ञांच्या लेखी सांगण्याशिवाय टाकू नये.

‘मीच कमी पडले का,’ असं तुम्ही विचारलंत. तीन वर्षं रोज सकाळी पट्टी बुडवून रंग वहीत लिहिणारी बाई कमी पडलेली नसते. तुम्ही एकट्या फिरत होतात, एवढंच मला दिसतं. पुढच्या मुंबईच्या फेरीला तुमच्या यजमानांनी पाळी बदलून घ्यावी, आणि पत्राचा कच्चा मसुदा त्यांनीच लिहावा असं मी सुचवेन. डॉक्टरांशी बोलताना आकडे दोघांच्याही कानांवर पडले पाहिजेत.

आणि बाळाच्या लसीला जाताना कार्ड दोन्ही मुलांची घ्या. सिस्टरला थोरलीचंही दाखवा, डीपीटीचा रकाना बोटाने दाखवा, आणि म्हणा, पत्र घेऊन येते तेव्हा हा आधी भरायचाय.